थोडं वाढवून सांगणारा

कोलोबानच्या बाजारात माझं दुकान म्हणजे
एक छत्री, एक टेबल
आणि कानाला लागेल ती एकूण एक वस्तू.
थिओरो आत्या आली ती दुपारच्या नमाजानंतर.
डोक्याला हा एवढा पिवळा रुमाल,
पायांत नवे बूट, अजून खोक्याचा वास असलेले.
म्हणाली, बिरान, डॉक्टरनं पळायला सांगितलंय.
बासष्टाव्या वर्षी पळायचं तर कानात काहीतरी हवं,
नाहीतर माझाच श्वास मला ऐकू येतो
आणि तो सारखा, घरी चल, घरी चल, म्हणतो.

मी आधी काढला तो काळा. माझा लाडका.
म्हटलं, आत्या, हा सच्चा.
गाण्यात असेल तेवढंच देतो,
पदरचं काही घालत नाही.
तिनं ऐकलं.
मान हलली नाही, बूट हलला नाही.
काल पकडलेली मासळी परत टोपलीत टाकावी
तसा तिनं तो टेबलावर ठेवला.
सच्चा तर डॉक्टरही आहे, म्हणाली.
सच्चा माझा वजनकाटा आहे.
मला असा दे,
जो थोडं वाढवून सांगेल.

मग काय, सगळं टेबल उपसलं.
मोठ्या वाट्यांचा रुमालावर बसेना,
आणि रुमाल उतरवायला ती काय
माझ्या दुकानात न्हायला आली होती?
बारीक मण्यांसारखे दोन उडी मारताच निसटले,
एक चहावाल्याच्या साखरेत सापडला.
(उडी तिनं खरंच मारली. बाजार थांबला होता.)

शेवटी नारिंगी. कानामागून आकडा घालायचा,
घाम, खारा वारा, काही लागत नाही.
रंग असा की आंब्यानं लाजावं.
मी साबारचे ढोल लावले.
तिचा बूट हलला. मग गुडघा.
मग एकदम थांबली.
उत्तर देणारा ढोल कुठाय?
एक विचारतोय, विचारतोय,
दुसरा बोलतच नाही.

मी तारा तपासल्या, फोन तपासला,
घाऊकवाल्याच्या सात पिढ्या काढल्या.
तेव्हा तिनं डाव्या कानाला बोट लावलं.
बंदरावर, ट्यूनाच्या डब्यांचा कारखाना. सव्वीस वर्षं.
झाकणं ठोकणारं यंत्र ह्याच बाजूला होतं.
इतकं सांगितलं आणि चहाचा पेला उचलला.

फोनमध्ये पार खाली, कोणी बघत नाही तिथे,
एक बटण असतं.
दोन्ही बाजूंचं एकाच कानात ओततं.
माझ्यासारख्याला ते पाप वाटतं:
कुणीतरी जीव लावून
ढोल इकडे-तिकडे मांडलेले असतात.
मी बटण दाबलं.
आणि जाड आवाज, जो मी कुणाला वाढवू देत नाही,
तो चार घरं वर नेला.

डावा काढून ठेवू का, विचारलं.
राहू दे, म्हणाली.
ऐकू येत नाही,
पण कुणीतरी दार वाजवतंय एवढं कळतं.

घासाघीस तीन चहा चालली.
पहिला कडू होता, तेव्हा मी जिंकत होतो.
तिसरा गोड झाला, तोवर दोन हजार फ्रँक गेले होते.
तिनं साखर घातली नाही, हे मात्र मी पाहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी कॉर्निशवर
अर्धं डकार दंड काढत होतं.
पोरं वाळूत, पोरी पायऱ्यांवर,
समुद्र आपला एकटाच धापा टाकत.
त्यात दुरून नारिंगी ठिपका.
दोन म्हातारे गप्पा मारत तिला मागे टाकून गेले.
पण खांदे! खांदे ढोलावर होते,
एक विचारत होता, दुसरा उत्तर देत होता.

मला पाहून ओरडली,
कानात गाणं असलेली माणसं ओरडतात तसं,
सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं:
बिरान! मी उडतेय!

मी खाली पाहिलं.
दोन्ही बूट एकाच वेळी
जमिनीवरून एकदाही सुटले नव्हते.
आणि मी, आहे तेवढंच सांगणारा माणूस,
दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडलो,
दिसतंय, आत्या! जरा खालून जा,
विमानं येतात!